अडलेल्याचा होकार

साडूबुवा, तुमच्या स्मरण-उपासनेत मी प्रचार केला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमचा विश्वास बसणार नाही. "काय प्रेसवाले, चाळीस माणसं समोर बसलेली आणि तुम्ही गप्प? अंगात ताप होता का?" असं काहीतरी म्हणून मिशीतल्या मिशीत हसला असतात. ताप नव्हता. चांगला ठणठणीत होतो. उभा राहिलो, चार वाक्यं बोललो आणि खाली बसलो. चर्चच्या पाळकसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ह्याची तब्येत घरी पोहोचेपर्यंत टिकेल ना.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी कुठे, हे त्यांनी कागदावरून वाचून दाखवलं. त्यात दोन चुका होत्या. मला आधी दाखवलं असतं तर राहिल्या नसत्या, पण मयताच्या घरी प्रूफ कोण तपासायला मागतो? तुम्ही जाऊन आज चोवीस दिवस झाले. या चोवीस दिवसांत एक गोष्ट घडली, ती तुमच्या कानावर घालायची आहे. दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. भांडण आपल्या दोघांचं होतं.

तुमची मार्था थोरली, माझी करुणा धाकटी. दोन सख्ख्या बहिणी केल्या म्हणून आपण साडू, नाहीतर आपलं दोघांचं एका टेबलावर पाच मिनिटंही जमलं नसतं. तुम्ही नगरकडून मुळशीत आलात, मुठा खोऱ्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून. गाव तुम्हाला डॉक्टर म्हणायचं. पहिली दोन वर्षं तुम्ही "मी डॉक्टर नाही हो" असं सांगत फिरलात, मग हात टेकलेत. पाटलांच्या हौसाबाईंच्या घराला लागून दोन खोल्या होत्या, त्या भाड्याने घेतल्यात. निवृत्त झाल्यावर सोडाल, पुण्यात याल असं वाटलं होतं. आला नाहीत. मी छापखान्यात मुद्रितशोधक, दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरणारा. आता बावधनला मुलाच्या फ्लॅटमध्ये, नवव्या मजल्यावर.

महिन्यातून एका रविवारी उपासना आटोपली की आम्ही दोघं तुमच्याकडे यायचो. मटणाचा रस्सा, भाकरी, वर इंद्रायणीचा भात. हात धुतले की आपलं सुरू. भांडणाचा विषय एकच. आपल्या प्रभूविषयी लोकांना सांगायचं की नाही, आणि सांगायचं तर कसं.

माझ्या पिशवीत कायम पत्रकं असायची, अजूनही असतात. रिक्षावाल्याला दे, बँकेच्या रांगेत दे, दाढी करणाऱ्याला दे. त्यातली निम्मीअधिक मीच लिहिलेली. भाषा माझी चांगली, अशुद्ध एक अक्षर सापडायचं नाही, याचा मला अभिमान. माझं म्हणणं सरळ होतं. आपल्याकडे काही मोलाचं आहे असं आपण मानतो की नाही? मानतो. मग ते शेजाऱ्याला न सांगता खिशात ठेवणं हा कसला शहाणपणा? सांगितल्याशिवाय त्याला कळणार कसं?

"आणि तुम्ही कुणाला काही बोलत का नाही?" असं मी विचारलं की तुम्ही बडीशेप चावत म्हशीची गोष्ट काढायचात.

"समजा पहाटे एकाची म्हैस अडलीय. रेडकू आडवं. तो कंदील धरून उभा, बायको तुळशीपाशी हात जोडून बसलेली. मी कोपरापर्यंत हात घातलाय. अशा वेळी मी म्हणालो, बाबा, माझ्या देवाचं ऐक. काय म्हणेल तो?"

"हो म्हणेल."

"हो म्हणेलच. मी शेण खा म्हणालो तरी हो म्हणेल. अडलेल्याचा होकार घ्यायचा नसतो, प्रेसवाले."

"मग अडलेला नसेल तेव्हा सांगा."

"तेव्हा तो मला बोलावतच नाही!"

यावर दोघी बहिणी आतून हसायच्या आणि मी हरलो असं ठरायचं. मला ते कधीच पटलं नाही. तुम्ही शब्दात पकडता आणि मुद्दा निसटून जातो, असं मी बसमध्ये करुणेला परत परत सांगत यायचो. ती खिडकीबाहेर बघत बसायची.

आता कार्डांचं. या विषयावर आपण एकदाही बोललो नाही. चाळीस वर्षं भांडलो, पण हे सोडून.

मे महिना होता. पावसाआधी घटसर्पाची लस टोचायची म्हणून तीन गावांची कार्डं तुमच्यासमोर पडली होती. मालकाचं नाव, जनावर कुठलं, शिंग कसं, रंग कोणता. तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं अंगण. मी सुट्टीला आलो होतो. म्हटलं, द्या इकडे, मी लिहितो. तुम्ही खूश झालात. दोन दिवस मी ओसरीवर बसून दोनशे-सव्वादोनशे कार्डं लिहिली, आणि प्रत्येक कार्डाच्या घडीत एकेक पत्रक सरकवलं. तुम्हाला न विचारता. पत्रक मीच लिहिलेलं होतं: जनावर आजारी पडलं तर डॉक्टर आहे, जीव आजारी पडला तर कोण? मला वाटलं, वा, गुरंढोरं पाळणाऱ्या माणसाला याहून जवळचं काय असणार! खरं सांगतो, त्या रात्री मी समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला परतलो. पुढचं मला महिन्याने करुणेकडून कळलं. तुम्ही लशीची पेटी घेऊन तिन्ही गावांतल्या वाड्यांवर फिरलात. टोचून झालं, कार्डं वाटून झाली. संध्याकाळी एक म्हातारा कार्ड घेऊन दवाखान्यात आला. ते पत्रक त्याने उघडून तुमच्यापुढे धरलं आणि म्हणाला, "डॉक्टर, ह्यो फारम भरला न्हाई तर पुढल्या टायमाला लस मिळायची न्हाई का?"

मार्था सांगते, तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. नंतर दोन दिवस वाड्या-वाड्यांवर जाऊन एकेक कागद परत मागून घेतलात. प्रत्येक दारात उभं राहून सांगितलंत, याचा लशीशी काही संबंध नाही, माझी चूक झाली. तोवर कोणीतरी वर कळवलं होतं. तुमच्याकडून लेखी खुलासा मागवला. त्यात तुम्ही माझं नाव घातलं नाहीत. "सदर कृत्य माझ्या हातून अनवधानाने घडले," असं लिहिलंत. ते वाक्य मार्थाने मला पुढे कधीतरी ऐकवलं. अनवधानाने! दोनशे कार्डांमध्ये अनवधानाने. कुठल्या साहेबाने ते मानलं देव जाणे, पण मानलं.

पुढच्या रविवारी मी आलो तेव्हा तुम्ही नेहमीसारखे रस्सा वाढत होतात. मी वाट बघत होतो की तुम्ही बोलाल. तुम्ही बोलला नाहीत. मग मीही बोललो नाही. माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं तेही सांगून टाकतो, आता लपवून काय करू? मला वाटत होतं की दोनशेतल्या एकाने तरी घडी उघडून ते वाचलं असेल. मला शरम वाटायला फार वर्षं लागली. आणि वाटली तोवर विषय इतका जुना झाला होता की काढायचा कसा, तेच कळेना.

तुम्ही मात्र कानाला खडा लावलात. कोणी विचारलं तरी देवाधर्माचं अक्षर काढायचं नाही. नाताळात करंज्यांचं ताट हौसाबाईंकडे जायचं, दिवाळीत त्यांचं इकडे यायचं. त्या मार्थाला हात उंचावून आपल्या मंडळींसारखं "सलाम" म्हणायला शिकल्या होत्या. त्यापुढे काही नाही. गावातल्या जमिनी विकल्या गेल्या, गोठे मोडून शनिवार-रविवारचे बंगले उठले, आणि म्हातारपणी तुम्हाला बोलावणी यायला लागली ती कुत्र्यांसाठी. एका लॅब्राडोरच्या मालकिणीने तुम्हाला "अंकल, ही इज डिप्रेस्ड" असं सांगितलं तेव्हा तुम्ही मला मुद्दाम फोन केला होतात. "प्रेसवाले, या कुत्र्याला द्या एखादं पत्रक." दहा मिनिटं हसत होतो आपण. त्या हसण्यातसुद्धा मी मनात म्हटलं होतं, आत्ता बोल, आत्ता माफी माग. नाही मागितली.

आणि मग एके सकाळी मार्थाचा फोन. तुम्ही अंथरुणातून उठलाच नाहीत.

दफनविधी पुण्यात झाला. तिथे गावातले थोडे पुरुष आले. आठव्या दिवशी स्मरण-उपासना ठेवली ती तुमच्याच अंगणात, म्हणजे हौसाबाईंच्या अंगणात. सतरंज्या त्यांनीच काढून दिल्या. बायका, बाप्ये, लवळ्याच्या कॉलेजांना दूध घालणारे, कोणी तुमच्या हातून जन्मलेल्या गाईचा मालक, सगळे येऊन बसले. आपली मंडळी मोजकी, बावधनहून दोन गाड्या भरून. हल्लीचे दिवस तुम्हाला माहीत होते. चार ख्रिस्ती माणसं एका अंगणात जमून गायला लागली तरी कोणाच्या तरी कपाळाला आठी पडते. पाळकसाहेबांना धाकधूक होती. तरी ते हळूच मला म्हणाले, "चार शब्द तुम्ही बोला. एवढी माणसं आपण होऊन आलीत. संधी आहे."

संधी होती खरी. आयुष्यभर मी एकेका माणसाच्या मागे कागद घेऊन धावलो, आणि इथे चाळीस जण माझ्याकडे तोंड करून बसलेले. डोळे ओले. माझं सगळं पाठ होतं. आज तुम्ही मेलात तर कुठे जाल, इथून सुरुवात, पुढे आपोआप येतं. मी उभा राहिलो, समोर पाहिलं, आणि तुमचं ते वाक्य डोक्यात येऊन बसलं. ही सगळी अडलेली माणसं होती. त्यांचा माणूस गेला होता. अशा वेळी त्यांच्याकडून मी काय काढून घेणार होतो? म्हणून सांगितलं एवढंच, की आमचा साडू शांतवन चांगला माणूस होता, जनावरांवर त्याचा जीव होता, तुमच्यावर होता. आणि बसलो. पहिल्यांदा तुमचं ऐकलं, तेही तुम्ही नसताना.

मला वाटलं, मी मोठं काम केलं. साडूंचा मान राखला.

चहा फिरत होता. हौसाबाई कप घेऊन माझ्यासमोर आल्या. सत्तरीच्या बाई, डोक्यावरचा पदर दाताखाली धरलेला. कप माझ्या हातात दिला नाहीच. म्हणाल्या, "पाव्हनं, एवढंच?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजी काय म्हंजी? चांगला मानूस व्हता ह्ये आमाला ठावं न्हाई व्हय? तीस-पस्तीस वरीस माझ्या भिताडाला भीत लावून ऱ्हायला त्यो. आज तरी सांगाल, ह्या मानसाचा द्येव कोन, कसा, त्येला काय म्हनायचा ह्यो. म्हनून फुडं बसले. तुमी बी तसलंच!"

मी कपासाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"पैल्यांदा वसरीवर बसून गानी म्हनायचं दोघं. मी दळान टिपता टिपता आयकायची. येक डाव इचारलं बी, डॉक्टर ह्ये कुनाचं गानं? हासून सांगितलं व्हतं थोडंसं. मंग कवापासनं दार लावून म्हनाय लागले. दार लावून! मला वाटलं आमचाच इटाळ व्हतोय ह्यास्नी."

एवढं बोलून त्या कप माझ्या हातात कोंबून गेल्या.

साडूबुवा, तुमच्या-माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते. पाणी वरून ओतायचे. त्याच देशातल्या पाटलांच्या घरची लेक भरल्या अंगणात म्हणते, आमचा विटाळ होतो असं वाटलं. मला हसू येईना, रडू येईना. तो चहा मी कसा प्यायलो मला आठवत नाही.

माणसं पांगल्यावर मार्थाला विचारलं, दार कधीपासून लावायला लागलात? ती म्हणाली, "कार्डांनंतर. ते म्हणाले, नको, गायलो तरी लोकांना वाटेल त्यांच्याकडून काहीतरी पाहिजे आपल्याला." तिने हे माझ्याकडे न बघता सांगितलं, भाजी निवडत. ती चांगली बाई आहे. बघितलं असतं तर मला उठून जावं लागलं असतं.

म्हणजे तुमचा तो म्हशीचा सिद्धांत, जो मी इतकी वर्षं तुमचा स्वभाव समजून बसलो होतो, तो माझ्या हातचा होता. निदान अर्धा. पण उरलेल्या अर्ध्यावर माझं भांडण अजून आहे, आणि ते मी सोडणार नाही. अडलेल्याचा होकार घेऊ नये, मान्य. शंभर टक्के मान्य, लेखी देतो. पण हौसाबाई कुठे अडल्या होत्या? घर त्यांचं, अंगण त्यांचं. भाडेकरू तुम्ही. त्यांनी मनात आणलं असतं तर तुमचं बिऱ्हाड एका दिवसात रस्त्यावर. त्या तुमच्या दारात अडून आल्या नव्हत्या, नुसतं विचारत होत्या. तिथे तुमची म्हैस लागू पडत नाही, डॉक्टर! तिथे तुम्ही फक्त भ्यायलात. मला माहीत आहे कोणामुळे. तरीही भ्यायलात.

तुमचं उत्तर काय असतं, याचा मी बरेच दिवस विचार केला.

गेल्या शनिवारी खोल्या रिकाम्या करायला गेलो. मार्था आता आमच्याकडे राहणार. सामान ते किती? एक कपाट, भांडी, तुमचे गमबूट. आमचा मुलगा टेम्पोवाल्याशी बोलत रस्त्यावर उभा होता. हौसाबाई त्यांच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी निरोप घ्यायला गेलो. मनात पक्कं होतं, नमस्कार करायचा आणि सटकायचं.

"बसा," त्या म्हणाल्या. "आन् सांगा."

"काय सांगू?"

"त्या दिशी न्हाई सांगितलं त्ये."

मी बसलो. आधी म्हटलं कार्डांचं सांगू, ते ओझं आधी उतरू दे. सांगितलं, की ते कागद डॉक्टरांनी नव्हे, मी घातले होते. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

"ठावं हाय. कार्डावरचं आक्षर डॉक्टरांचं न्हवतंच. त्ये वाचता येत व्हतं."

"मग तुम्ही कोणाला..."

"मला कुनी इचारलंच न्हाई. फुडं."

पुढे मी सुरुवात केली. तोंडाला सवय, पत्रकाची भाषा यायला लागली. पाप, तारण, अनंतकाळ. दोन मिनिटं झाली नाहीत तोच त्यांनी सूप खाली ठेवलं. "पुस्तकावानी नका बोलू. डॉक्टर काय मानायचा त्ये सांगा. न्हाईतर तुमी काय मानता त्ये सांगा. तुमचं तुमी."

माझं मी. साडूबुवा, साठेक वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. कोणाला विचारायला वेळच दिला नव्हता मी. कागद हातात द्यायचा आणि पुढच्याकडे वळायचं, त्याने दोन पावलांवर तो टाकला तरी मागे बघायचं नाही. मी अडखळत सांगितलं. सांगितलं की आम्ही मानतो, देव वर बसून राहिला नाही, खाली आला, माणूस झाला. ज्यांच्याबरोबर कोणी जेवत नव्हतं त्यांच्याबरोबर जेवला. त्याला मारलं तेव्हा मारणाऱ्यांना त्याने शिव्या दिल्या नाहीत. आणि तो मेलेला राहिला नाही. सांगितलं की तुम्ही गोठ्यात एकटे असायचात तेव्हा तो तिथे शेणात उभा आहे असं तुम्ही मानायचात. हे मला तुम्ही एकदा चुकून बोलून गेला होतात, मग लगेच विषय बदलला होतात. आणि माझं? म्हटलं, बाई, मला एकट्याला विश्वास ठेवायची भीती वाटते. आजूबाजूला दहा जण मानणारे असले तर मला धीर येतो. म्हणून मी कागद वाटत फिरतो. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्या ऐकत होत्या. मधे मधे "व्हय?" म्हणत. एकदा म्हणाल्या, "मारनाऱ्यास्नी शिव्या न्हाई दिल्या? एक बी न्हाई?" मी म्हटलं, एकही नाही. "अवगड हाय," त्या म्हणाल्या आणि तांदळातला खडा काढून अंगणात फेकला. तास होऊन गेला असेल. मुलगा दोनदा डोकावून गेला.

मग माझं बोलणं संपलं. आणि मी एक गोष्ट केली जी आयुष्यात कधी केली नव्हती. थांबलो. समोरचा काय म्हणतो यासाठी थांबलो.

हौसाबाईंनी सूप बाजूला सारलं. पदराला हात पुसले.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "लई चांगलं हाय. डॉक्टर तसा का व्हता त्ये कळलं. पन माझं इचाराल तर न्हाई बा. माझ्या घरात माझं द्येव हायेत, सासूनं माझ्या हाती दिल्यालं. त्यास्नी मी सोडायची न्हाई. राग नका धरू."

मी म्हटलं, "नाही, नाही, राग कसला."

"मंग झालं तर." त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकून. आत जाता जाता वळल्या. "डॉक्टरांनी सांगितलं आसतं तरी मी ह्येच म्हनले आसते. आन् दुसऱ्या दिशी सकाळी च्या दिलाच आसता की! येवढं भ्यायचं काय व्हतं त्यात?"

टेम्पोत मार्थाशेजारी बसून आलो. लवळे फाट्याला गर्दी होती, पोरं-पोरी स्कूटरवर, आम्ही अर्धा तास जागेवर. ती म्हणाली, काय म्हणाल्या हौसाबाई? मी म्हटलं, नाही म्हणाल्या. ती म्हणाली, बरं.

मला वाईट वाटायला हवं होतं. नियमाप्रमाणे तर वाटायलाच हवं होतं. मी मनात चाचपून पाहिलं. हलकं वाटत होतं. इतके कागद वाटले, पण कोणी तोंडावर "नाही" म्हणायलाही थांबलं नव्हतं. ऐकून घेऊन, विचार करून, डोळ्यांत बघून नाही म्हणणारं हे पहिलंच माणूस. मी लोकांच्या होकारामागे धावत राहिलो, तुम्ही त्यांना अडचणीत टाकायला नको म्हणून दार लावलंत, आणि त्या बाईला नाही म्हणता येतं, नाही म्हणून पुन्हा शेजारीण राहता येतं, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दोघेही स्वतःला मोठे विश्वास ठेवणारे समजत होतो.

तो नकार तुमचा होता, साडूबुवा. पस्तीस वर्षांच्या शेजाराने कमावलेला. एखाद्या संध्याकाळी ओसरीवर गाणं संपल्यावर हौसाबाईंनी तो तुम्हाला द्यायचा, तुम्ही हसून घ्यायचा आणि सकाळी दोघांनी चहा प्यायचा. दोनशे कागद घालून तो मी तुमच्याकडून काढून घेतला, आणि परवा तुमच्या जागी बसून मीच तो ऐकून आलो. मला माफ करा.